मालवणात दिवसभर बोटीने: आधी तिथी बघा, मग बोट ठरवा

मालवणात स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत तळ बघायला, गेलेली बरीच माणसं "काही दिसलंच नाही, पाणी गढूळ होतं" म्हणत परत येतात. त्याच आठवड्यात त्याच खडकांवर दुसऱ्या कुणाला खालचा तळ लख्ख दिसलेला असतो. माझं माहेर मालवणचं आणि सासर कोल्हापूरचं. थंडीत सासरची, शेजारची, मुलांच्या मित्रांची कुणी ना कुणी मंडळी माझ्याबरोबर बोटीवर असतात, आणि निघण्याआधी प्रत्येकाला हे सगळं फोनवर सांगावं लागतं. म्हणून एकदाचं नीट लिहून काढते आहे.

दिवसाचा बेत असा: सकाळी मालवणच्या खडकांवर स्नॉर्केलिंग, मग सिंधुदुर्ग किल्ला, दुपारी जेवण, आणि नंतर देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी त्सुनामी आयलंड नावाचा वाळूचा पट्टा. क्रम हाच ठेवा. बोटवाले पुष्कळदा आधी किल्ला आणि मग स्नॉर्केलिंग असं सांगतात, कारण त्यांना गर्दी वाटून घ्यायची असते. तुम्ही आग्रह धरा की पाण्यात आधी उतरायचं. अकरा-बाराच्या पुढे समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा सुटतो, पाणी हलायला लागतं, तळची वाळू उठते आणि दिसणं कमी होतं. सकाळी आठच्या सुमाराला पाणी पडून असतं. सूर्य थोडा वर आला की उजेड थेट तळापर्यंत जातो. तो तास-दीड तास हातचा घालवू नका.

आता तिथीचं. कोकणात हा हिशोब लहान पोरांनाही येतो: तिथीला पाऊणने गुणा, जे येईल तितक्या वाजता भरती. दशमी असेल तर दहा पाऊणे साडेसात, म्हणजे साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती. तिथून सव्वासहा तासांनी, पावणेदोनला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. भिंतीवरची दिनदर्शिका घ्या आणि सुट्टीच्या तारखांवर पेन्सिलीने भरती-सुकती लिहून काढा.

मला विचाराल तर नवमीपासून द्वादशीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. एक तर ही भांगाची भरती, पाण्याची चढउतार कमी, त्यामुळे ओढ कमी. दुसरं म्हणजे सकाळी तुम्ही पाण्यात उतरता तेव्हा भरतीचं, बाहेरच्या समुद्राचं स्वच्छ पाणी किनाऱ्यापर्यंत आलेलं असतं. आणि तिसरं, दुपारी देवबागला पोचेपर्यंत सुकती येते आणि त्सुनामी आयलंडची वाळू वर निघते. भांगाला ती पूर्ण कोरडी पडेलच असं नाही, पण घोट्याएवढ्या पाण्यात मुलं मजेत खेळतात. उलट अमावास्या-पौर्णिमेला उधाण. भरती सव्वाअकराला, म्हणजे दुपारी दोनला त्सुनामी आयलंडवर अजून बरंच पाणी, आणि सकाळी खडकांच्या फटींतून ओढ अशी की नवख्या माणसाला एका जागी तरंगताच येत नाही. त्या दिवशी किल्ला बघा, मासे खा, स्नॉर्केलिंग नको.

मोसमाचं थोडक्यात सांगते. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी बोटी बंदच असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरला बोटी सुरू होतात, पण नद्यांचा गाळ अजून बसलेला नसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. नाताळ ते एक जानेवारी मात्र मी कुणालाच नेत नाही. जेटीवर पाय ठेवायला जागा नसते आणि बोटवाल्यालाही तुमच्याकडे बघायला सवड नसते. मार्च-एप्रिलला जमतं, फक्त आणखी लवकर निघायचं.

बोट ठरवताना

रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरून तिथून तीसेक किलोमीटर मालवणला येऊन लगेच बोटीत बसायचं, असं करू नका. आदल्या संध्याकाळी मुक्कामाला या आणि बोटवाल्याशी समोरासमोर बोला. नुसतं "किती घेणार" विचारून भागत नाही. विचारा: पाण्यात प्रत्यक्ष किती वेळ देणार? एका गाइडमागे किती जण पाण्यात? मास्क कितीजणांत फिरणार? किल्ल्यावर तुमची बोट लावणार की जेटीवरून वेगळी होडी करायची? किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या मालवणच्या जेटीवरून सुटतात, त्यांचं तिकीट वेगळं, आणि साधारण तासाभराने त्या परत बोलावतात. हे आधी माहीत असलं की वाद होत नाहीत. दर माणशी असतो आणि अख्ख्या बोटीचाही असतो. आठ-दहा जण असाल तर अख्खी बोट घ्या, कारण मग वेळ तुमच्या हातात राहते.

बोट डोळ्यांनी बघा. नोंदणी क्रमांक आणि किती माणसं घ्यायची तो आकडा बोटीवर रंगवलेला असतो. त्याहून एक माणूस जास्त चढताना दिसला तर चढू नका. लाइफ जॅकेट हातात घेऊन त्याचे पट्टे आणि कड्या लागतात का ते बघा, मुलांसाठी लहान मापाची आहेत का ते विचारा. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि पोर खाली राहतं. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कुबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. त्या बातमीनंतर आमच्या घरी कुणीही जॅकेट काढून फोटोला उभं राहत नाही. किनारा समोर दिसतोय म्हणून जॅकेट काढायचं नाही, जेटीला दोर बांधेपर्यंत नाही.

आणि सकाळी तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस, "आज नको" म्हणाला तर त्याचं ऐका. आमचा नेहमीचा तांडेल पहाटे फोन करतो. "ताई, पाणी निवळ आसा, बेगीन येवा" म्हणाला की आम्ही चहा अर्धा टाकून निघतो. "वारो आसा" म्हणाला की मी पुढे एक शब्द बोलत नाही. म्हणूनच मुक्काम दोन रात्रींचा ठेवा, म्हणजे एक दिवस वाऱ्याने खाल्ला तरी दुसरा उरतो.

आदली रात्र आणि सकाळ

ज्यांना बोट लागते त्यांनी रिकाम्या पोटी येऊ नये. उपाशी माणसाला बोट जास्त लागते. सकाळी दोन आंबोळ्या किंवा घावणे आणि थोडी चटणी, एवढं पुरे. तळलेलं नको, दूध नको. गोळी घ्यायची तर बोटीत बसण्याआधी किमान अर्धा तास घ्या, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून रक्तदाबाची वगैरे औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधीच विचारा. बोटीत मागच्या बाजूला, मधोमध बसा आणि नजर लांब क्षितिजावर ठेवा. मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला माणूस सगळ्यात आधी आडवा होतो.

कपडे: पूर्ण बाह्यांचा अंगासरशी टी-शर्ट आणि लेगिंग किंवा तशीच पँट, बायकांनी आणि पुरुषांनीही. पाण्यावर पालथं तरंगताना पाठ, मान आणि गुडघ्यामागचा भाग तासभर उन्हात असतो, आणि गार पाण्यात असल्यामुळे भाजतंय हे कळत नाही. रात्री कळतं. कपड्याने अंग झाकलं की सनस्क्रीन चेहऱ्यापुरतं लागतं, आणि परवाळांसाठीही, म्हणजे समुद्रातल्या कोरलसाठीही, ते बरं. ऑक्सिबेन्झोन नावाचं रसायन असलेली क्रीमं त्यांना बाधतात. ओढणी, साडी, सैल कुर्ता बोटीवर चालेल, पाण्यात नको. बोटीवर कपडे बदलायला आडोसा नसतो, तेव्हा पाण्याचे कपडे मुक्कामावरूनच आतून घालून या. अंगठ्या, चेन, मंगळसूत्र खोलीवर ठेवा. गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी निसटलेली कळतसुद्धा नाही.

चष्मेवाल्यांचा प्रश्न हमखास येतो. चष्म्यावर मास्क बसत नाही. नंबर कमी असेल तर काळजी नको, पाण्यात मास्कमधून वस्तू मोठ्या आणि जवळ दिसतात. नंबर जास्त असेल तर नंबरचा मास्क मिळतो का ते आदल्या दिवशी विचारा.

दम्याचा त्रास, हृदयविकार, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर बोटीवर बसून समुद्र बघा, पाण्यात उतरू नका. पोहता येत नसेल तर मात्र अडत नाही. जॅकेट असतं, हातात तरंगती रिंग असते, आणि शेजारी गाइड असतो. माझ्या जाऊबाईंना पोहता येत नाही, पण पाण्यातून सगळ्यांत शेवटी बाहेर येतात त्या.

पाण्यात

मास्कपासून सुरू करा. पट्टा डोक्यावर न चढवता मास्क नुसता चेहऱ्याला लावा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. पडला तर दुसरा मागा, लाजू नका. केसांची एक बट जरी रबराखाली अडकली तरी पाणी आत येतं, म्हणून घट्ट वेणी घाला आणि कपाळावरचे केस मागे सारा. मिशीवाल्यांनी मिशीला थोडं व्हॅसलीन लावावं. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळायची आणि समुद्राच्या पाण्याने एकदा विसळायची. ऐकायला कसंसंच वाटतं, पण जगभर हेच करतात आणि याहून चांगला उपाय हाताशी नसतो.

नळीचं टोक ओठांच्या आत घ्या, दातांनी त्याचे दोन कान हलके धरा, आणि ओठ मिटून घ्या. करकचून चावलं की जबडा दुखतो. आता श्वास फक्त तोंडाने. बोटीची शिडी किंवा रिंग धरूनच चेहरा पाण्यात घाला आणि दहा श्वास मोजा. पहिले दोन-तीन श्वास धाप लागल्यासारखे येतात, कारण डोकं पाण्याखाली गेलं की श्वास रोखायचा ही लहानपणापासूनची सवय असते. घाबरू नका, श्वास बाहेर सोडताना लांबवा. चौथ्या-पाचव्या श्वासाला लय लागते. नळीत पाणी शिरलं तर जोरात एक फुंकर, पाणी वरून उडून जातं. मास्कमध्ये शिरलं तर चेहरा वर काढा, खालची कड किंचित उचला, पाणी काढा. हे सगळं शिडीजवळ दोन-तीनदा करून झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, गाइड कितीही घाई करो.

मग नुसतं पडून राहा. पाय मारायचे नाहीत, हात हलवायचे नाहीत. पहिल्यांदा कानाला आवाज येतो, लाह्या फुटल्यासारखा बारीक तडतड. हा खडकांच्या फटींत राहणाऱ्या इवल्याशा कोळंब्यांचा आवाज, त्या एक नांगी फटकन मिटतात तेव्हा होणारा. बोटीवरच्या माणसाला तो ऐकू येत नाही. मग डोळे सरावतात. आधी नुसता तपकिरी खडक दिसतो, त्यावर हळूहळू शेवाळाच्या झुपक्यांमधली परवाळाची फिकट वळणं वेगळी दिसायला लागतात. पिवळसर अंगावर काळे उभे पट्टे असलेले सार्जंट मेजर मासे तर जवळ येऊन तुमच्या मास्ककडे बघतात. खडकाच्या सावलीच्या बाजूला नजर ठेवा, धीट नसलेले मासे तिथे असतात. आपण एका जागी जितके निश्चल, तितके ते बाहेर येतात. पाच मिनिटांत पाच जागा फिरण्यापेक्षा एकाच खडकावर पंधरा मिनिटं राहिलेल्याला जास्त दिसतं.

एका गोष्टीवर मी बोटीत बसतानाच बोलून घेते. मासे गोळा व्हावेत आणि व्हिडिओ छान यावा म्हणून बोटवाले पावाचे तुकडे टाकतात. ते टाकू नका म्हणून सांगा. खडकावरचं शेवाळ खाणारे मासे पावाला सोकावले की शेवाळ वाढतं आणि परवाळ त्याखाली गुदमरतं. शिवाय पाव पाण्यात विरघळून तुमच्याच समोरचं पाणी धुरकट होतं. "आम्हाला मासे कमी दिसले तरी चालतील" हे गिऱ्हाइकाने म्हटलं की बोटवाला लगेच ऐकतो, मी पाहिलं आहे. हा भाग काही साधासुधा नाही. १९८७ साली मालवणचा २९.१२ चौरस किलोमीटर समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि त्याचा गाभा सिंधुदुर्ग आणि त्याच्या शेजारचा लहान किल्ला पद्मगड यांच्याभोवतीचाच आहे. परवाळावर उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही, शंख-शिंपले उचलून आणायचे नाहीत. दमलात तर पाठीवर उलटे व्हा, जॅकेट तुम्हाला धरून ठेवतं. खडकावर पाय टेकवलात तर कालवांच्या कडांनी तळवा चिरतो, ते वेगळंच.

जेलीफिश कधीमधी असतात. चटका बसला तर चोळू नका, पिण्याचं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि बोटीवर या. श्वासाला त्रास किंवा चक्कर वाटली तर थेट मालवणात दवाखाना.

थंडी वाजायला लागली, दात वाजले की बाहेर. मुलांना हे आपणच बघावं लागतं, ती ओठ निळे होईपर्यंत "अजून पाच मिनिटं" म्हणतात. सुका टॉवेल आणि गूळ-शेंगदाणे हाताशी ठेवा.

किल्ला, मग रस्त्याने देवबाग

स्नॉर्केलिंग आटोपून दहाच्या आसपास जेटीवर या, कोरडे कपडे घाला आणि किल्ल्याच्या होडीत बसा. कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचं काम सुरू केलं आणि तीन वर्षांत तो उभा राहिला. होडीतून जाताना दरवाजा कुठे आहे ते शोधायला मुलांना सांगा. दोन वळलेल्या बुरुजांच्या आड तो असा दडला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तासाभरात सगळं होत नाही, तेव्हा निवड करा. दरवाजाजवळचे महाराजांच्या हाता-पायांचे चुन्यातले ठसे, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी. चारही बाजूंनी खारं पाणी आणि आत गोडं, याचं नवल मला अजून वाटतं. मग पश्चिमेच्या तटावर चढा. जिथे सकाळी तरंगत होतात ते खडक वरून दिसतात, आणि वारा सुटल्यावर त्यांच्यावर लाटा कशा फुटतात तेही. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानलं, त्यांत सिंधुदुर्ग आहे.

इथून देवबागला बोटीनेच नेतो असं कुणी म्हणेल. तरुण मंडळी असतील आणि समुद्र शांत असेल तर जरूर जा, तारकर्लीचा किनारा समुद्रातून बघायला सुंदरच आहे. पण वयस्कर माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर मी रस्त्यानेच जाते. कारण साधं आहे. दुपारी ओहोटीचं पाणी कर्लीच्या मुखातून जोराने बाहेर येत असतं, समोरून वारा आत येत असतो, आणि जिथे दोघांची गाठ पडते तिथे उथळ वाळूवर लाटा उभ्या राहतात. बोट आत घेताना तिथे आपटे बसतात. गाडीने बारा-तेरा किलोमीटर, वाटेत एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी. जेवण देवबागच्या एखाद्या घरगुती खानावळीत घ्या, पण सकाळीच फोन करून माणसं सांगून ठेवा. बांगडा, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, भात, सोलकढी. एकादशीला आलात तर शाकाहारीचं आधी सांगा, काळ्या वाटाण्याचं सांबार मिळतं आणि तेही तितकंच चांगलं असतं.

जेवून दीड-दोनच्या सुमारास नदीतली लहान बोट घ्या. इथे पाणी शांत असतं, आजी-आजोबाही निर्धास्त बसतात. त्सुनामी आयलंड म्हणजे नदीच्या मुखाजवळ साठलेली वाळू. २००४ च्या त्सुनामीनंतर ती वर आली असं गावात सांगतात. तिथे टपऱ्या असतात, बनाना राइड, जेट स्की वगैरे प्रकार असतात. आवडत असेल तर करा, मी करत नाही. मी वाळूच्या नदीकडच्या बाजूला बसते. मुखाकडच्या बाजूला मुलांना सोडू नका, वाळू एकदम तुटते आणि ओहोटीची ओढ तिथेच असते. पाणी परत चढायला लागलं की बोटवाला हाक मारतो. पहिल्या हाकेला उठा.

मुक्कामी आल्यावर कानात गेलेलं खारं पाणी डोकं एका बाजूला कलवून काढा, काडी घालू नका. स्नॉर्केलचे कपडे गोड्या पाण्यातून काढून सावलीत वाळत घाला. वाऱ्यामुळे सकाळ हुकली असेल तर तांडेलाला रात्रीच पुन्हा फोन करा. उद्याची भरती आजच्यापेक्षा पाऊण तास उशिरा, तेव्हा निघायची वेळही तेवढीच पुढे सरकवून ठरवा, आणि दिलेली आगाऊ रक्कम दुसऱ्या दिवसावर घेतो का ते त्याच फोनवर बोलून घ्या.